उचल कोणत्या बाजूला?

समीक्षा म्हटली की आपल्याकडे कविता, कथा, कादंबरी आणि आत्मकथन एवढेच डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकाकडे आपण वळलोच तर ते भाषेच्या नाहीतर इतिहासाच्या. त्यात आपली माणसे कुठे आहेत, कशी रंगवली आहेत, हे आपण गेली कित्येक वर्षे तपासत आलो, आणि ते योग्यच झाले. पण हिशेबाचे पुस्तक कोणी अशा नजरेने वाचलेले माझ्या पाहण्यात नाही. आकड्यांना जात नसते असा प्रस्थापितांचा दावा आहे आणि आश्चर्य म्हणजे तो आपणही मान्य करून टाकला आहे. मी एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. पहिली काही वर्षे तासिका तत्त्वावर आणि आता नियमित पदावर. या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी जे पुस्तक हातात धरून वर्गात उभी राहिले, त्या पुस्तकाविषयी मला बोलायचे आहे. नेट-सेट होऊन जे तरुण मित्र आणि मैत्रिणी उद्या याच फळ्यासमोर उभे राहणार आहेत, त्यांच्याशी विशेषतः बोलायचे आहे.

हिशेबाच्या पुस्तकाला नायक असतो. पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत तो आपल्यासोबत असतो. त्याचे नाव धड्यागणिक बदलते, पण त्याची सुरुवात बदलत नाही. १ एप्रिलला तो ५० हजार किंवा ५ लाख रुपये रोख आणतो आणि धंदा सुरू करतो. ते रुपये त्याने कुठून आणले हे पुस्तक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. रोख खाते नावे, भांडवल खाते जमा. पहिली नोंद संपली. दुसऱ्या नोंदीत तो उधारीवर माल घेतो. उधारी त्याला मिळते, कारण ती मिळणारच. तिसऱ्या नोंदीत तो फर्निचर घेतो, चौथ्या नोंदीत बँकेत खाते उघडतो. त्याला कोणी आडनाव विचारत नाही. कादंबरीत असा नायक आला असता तर आपल्या समीक्षकांनी त्याची सालटी काढली असती. हा माणूस हवेत जन्मलेला आहे, याला गाव नाही, आईबाप नाहीत, असे म्हटले असते. हिशेबाच्या पुस्तकात तो चालतो, कारण ते पुस्तक आहे हेच आपण विसरतो.

येथे लेखाशास्त्राचे जाणकार मला थांबवतील. ते म्हणतील, बाई, व्यवसायाचे अस्तित्व मालकापेक्षा वेगळे मानायचे हा या शास्त्राचा पायाच आहे. म्हणून तर मालकाचे भांडवल हे धंद्याचे देणे ठरते. वहीला मालकाच्या घरादाराशी कर्तव्य नाही. हे मला मान्य आहे. मी तेच शिकवते. लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, तेव्हापासून ही वही अशीच चालत आली आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. वही कुणाच्या तरी बाजूने लिहिलेली असते. प्रत्येक व्यवहाराला दुसरी बाजू असते आणि त्या दुसऱ्या बाजूच्या माणसाचीही वही असू शकते. पाठ्यपुस्तकात मात्र सगळ्या वह्या एकाच बाजूच्या आहेत. दुसऱ्या बाजूचा माणूस तेथे ‘विविध धनको’ आणि ‘मजुरी’ या दोन शब्दांत येतो आणि जातो.

हे मला पहिल्या दिवशी कळले असे मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी मला फक्त भीती वाटत होती. नव्या प्राध्यापकाची भीती काय असते हे ज्यांनी घरात प्राध्यापक पाहिले त्यांना सांगून कळणार नाही. मराठीचा नवा शिक्षक वर्गात अडखळला तर दोन वाक्ये इकडचीतिकडची बोलून सावरतो. हिशेबात ती सोय नाही. फळ्यावर तेरीज मांडली की खाली दोन बेरजा समोरासमोर उभ्या राहतात. त्या जुळल्या तर तुम्ही शिक्षक; न जुळल्या तर नव्वद डोकी तुमच्याकडे पाहत असतात. मी प्रत्येक उदाहरण घरी तीनतीनदा सोडवून जात असे. आठवड्याला सोळा तास शिकवायचे हा नियमित सहायक प्राध्यापकाचा कार्यभार. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तास मोजून पैसे मिळतात, सुटीचे मिळत नाहीत, आणि त्या थोड्या तासांसाठीही तो रात्रीच्या रात्री घालवतो. विभागातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला आपल्या टाचणांची वही दिली. ती जुनी होती, कडा पिवळ्या पडलेल्या, पण प्रत्येक बेरीज त्यात जुळलेली होती. ती वही घेताना मला झालेला आनंद मी आजही नाकारत नाही.

तरीही दुसऱ्या महिन्यात माझी तेरीज जुळली नाही. फरक होता १,८०० रुपयांचा. मी फळ्याकडे पाहत राहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी काहीतरी बोलले, तिघेचौघे हसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण मी ते ऐकले. ‘कोट्यातून आलेल्या’ हे दोन शब्द आपल्या माणसाला न बोलताही ऐकू येतात. वरच्या जातीच्या शिक्षकाची तेरीज चुकली तर ती त्याची चूक असते. आपली चुकली की ती घटनेची चूक ठरते! शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने सांगितले, मॅडम, फरकाला नवाने भाग जातो. मला शिकवलेले मीच विसरले होते. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. मी ४,६०० च्या जागी ६,४०० लिहिले होते. दुरुस्त केले, बेरीज जुळली, तास संपला. त्या मुलीचे आभार मी वर्गात मानले, आणि घरी येऊन रडले. आज वाटते, रडायला नको होते. चुकीचा फरक हुडकायची रीत मुलांना फळ्यावर प्रत्यक्ष पाहायला मिळाली, याहून चांगला तास मी त्या वर्षी घेतला नसेल. पण तेव्हा हे समजावून सांगणारे कोणी नव्हते.

अशा वेळी आपण मोठ्या माणसाची आठवण काढतो. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्याच कॉलेजात, नोव्हेंबर १९१८ मध्ये एक नवे प्राध्यापक रुजू झाले. विषय हिशेबाचा नव्हता, अर्थशास्त्राचा होता. अमेरिकेत शिकून आलेल्या या प्राध्यापकाने प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी प्यावे, याला काही सहकाऱ्यांची हरकत होती. विद्यार्थ्यांनीही सुरुवातीला त्यांना फारसे मोजले नाही; पुढे त्यांचे व्याख्यान ऐकायला बाहेरच्या कॉलेजांतली मुले येऊन बसू लागली. हा प्रसंग आपल्या सभांतून नेहमी सांगितला जातो आणि माठापाशी येऊन थांबतो. मला त्याच्या पुढचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. मार्च १९२० पर्यंत बाबासाहेबांनी ती नोकरी केली आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. पैसा कुठून आला? पगारातून शिल्लक टाकलेला काही, शाहू महाराजांनी दिलेला काही, आणि नवल भथेना या मित्राकडून ५ हजार रुपये कर्जाऊ. ही एक सुरुवातीची नोंद आहे. भांडवल कुठून आले ते तिच्यात नावानिशी लिहिलेले आहे. आता मी पहिली नोंद शिकवताना हे उदाहरण देते. रोख खाते नावे. समोर स्वतःची शिल्लक, मदत आणि कर्ज, अशा तीन वेगवेगळ्या जमा. भांडवल, देणगी आणि देणे यांतला फरक मुलांना या एका नोंदीत कळतो. पुस्तकातल्या हवेतल्या नायकाकडून तो तीन तासांत कळत नाही.

नावलौकिकाचेही तसेच. लेखाशास्त्राचा नियम असा की धंद्याने स्वतः मिळवलेला नावलौकिक ताळेबंदात दाखवता येत नाही. पैसे मोजून विकत घेतलेलाच दाखवता येतो. नियम सावधपणाचा आहे, त्याला माझी हरकत नाही. पण विषय शिकवताना पुस्तक नावलौकिकाची कारणे देते ती मालाचा दर्जा, दुकानाची जागा, मालकाचे कौशल्य, एवढीच. सिडनहॅमच्या आधी बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करून पाहिला होता. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली. कौशल्य कमी पडले असे तर कोणी म्हणणार नाही. आडनावही नावलौकिकात धरले जाते, हे पाठ्यपुस्तकाने निदान एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला जड जाते.

माझे मायबाप ऊसतोड कामगार होते. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचे, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या हद्दीत कोप्या घालायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो. ती पोरीच्या लग्नात, दुकानदाराच्या उधारीत, दवाखान्यात संपते. मग हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरून ती फेडायची. फिटली तर वरचे पैसे हातात, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. एखाद्या दिवशी कामावर जाता आले नाही तर खाडा, म्हणजे दंड, तोही त्याच खात्यावर चढतो. मी दहावीत असताना बापाच्या मागे लागून मुकादमाची वही पाहायला मिळवली आणि वजनाच्या पावत्या घेऊन बसले. चार दिवसांचा खाडा दोनदा लिहिला होता, फरक ४०० रुपयांचा. मुकादमाने ते खोडले आणि बापाला म्हणाला, “पोरगी लई हुशार झाली तुझी.” त्यात कौतुक किती आणि धमकी किती हे मला तेव्हाही सांगता आले नसते. तो मुकादम काही राक्षस नव्हता. तोही आमच्यासारखाच गरिबीतून आलेला, तोही कारखान्याकडून उचल घेऊन बसलेला. पण वही त्याच्याकडे होती. त्या ४०० रुपयांमुळे मी वाणिज्य शाखेला गेले. आमच्या वस्तीतून बी. ए. झालेले होते, बी. कॉम. कोणी नव्हते.

आता हिशेबाच्या पुस्तकात ‘उचल’ म्हणजे काय? मालकाने घरखर्चासाठी धंद्यातून काढून घेतलेली रक्कम. तिने भांडवल कमी होते. उचल खाते नावे, रोख खाते जमा. एवढाच अर्थ. आमच्या भागात हजारो कुटुंबांत जो शब्द कर्जाचा आहे, तोच शब्द पुस्तकात मालकाच्या हक्काचा आहे. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या; पण दोन वेगळ्या माणसांना ठाऊक असल्यासारख्या. एक कोपीतली पोर, आणि एक मॅडम.

माझ्या दुसऱ्या वर्षी पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत मी रोजकीर्दीच्या नोंदी विचारल्या. एक व्यवहार असा होता: घरखर्चासाठी उचल ३,००० रुपये. पुस्तकात असतो तसाच, मोघम. एका मुलाने उत्तर लिहिले: रोख खाते नावे ३,०००, मुकादम खाते जमा ३,०००. खाली स्पष्टीकरण, की मुकादमाकडून घरखर्चासाठी उचल घेतली. आम्ही तिघेजण एकाच खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. सगळे हसले. मीही हसले. आणि शून्य दिले.

तो मुलगा उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. वाद घालायला नव्हे. त्याला खरेच कळत नव्हते. म्हणाला, “मॅडम, उचल फेडावी लागती ना? मग ती देणं नाही का?” मी त्याला व्यवसायाचे स्वतंत्र अस्तित्व समजावून सांगितले, उचल खाते मालकाचे असते हे सांगितले. त्याने मान हलवली. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. का दिसला नाही हे मी ठामपणे सांगू शकत नाही. त्या दिवसांत आमच्या कॉलेजातली बरीच मुले दिसेनाशी होतात. त्याच्या जाण्याला माझे शून्य कारण झाले असेही मी म्हणत नाही. त्याला जायला माझ्या शून्याची गरज नव्हती.

पण त्याची नोंद मी पुन्हा पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आले की ती बरोबर होती. द्विनोंदी पद्धतीच्या प्रत्येक नियमाने बरोबर. येणारी रोख नावे केली होती, देणाऱ्याचे खाते जमा केले होते. रक्कम जुळत होती, स्पष्टीकरण नेमके होते. त्याने फक्त दुसऱ्या बाजूची वही लिहिली होती. मालकाची वही लिहा असे मी प्रश्नात म्हटलेच नव्हते. ते पुस्तकाप्रमाणे मीही गृहीत धरले होते. ज्या बापाने हयातभर उचल घेतली आणि अंगठा उठवला, त्याच्या मुलीने ते गृहीत धरले! आपले शिक्षण आपल्याला काय शिकवते याचा विचार आपण करतो. ते आपल्याला काय विसरायला लावते याचा हिशेब कधी मांडत नाही.

हे लिहिते आहे ते पश्चात्तापाचे प्रदर्शन मांडण्यासाठी नव्हे. मला एक वाङ्मयीन प्रश्न विचारायचा आहे. कवितेतल्या शब्दाला कोणत्या समाजाचा संदर्भ आहे हे आपण बारकाईने तपासतो. एकाच शब्दाचे गावात आणि गावकुसाबाहेर दोन अर्थ कसे होतात हे आपल्या लेखकांनी दाखवून दिले. मग जमा, नावे, उचल, मजुरी, घसारा, बुडीत कर्ज या शब्दांना आपण मोकळे का सोडले? या शब्दांनी आपल्या माणसांची जितकी आयुष्ये ठरवली तितकी चंद्र आणि चांदणे या शब्दांनी नक्कीच ठरवली नाहीत. घसाऱ्याबद्दल मी येथे फार बोलणार नाही. यंत्राच्या झिजेसाठी तरतूद असते, माणसाच्या नाही, हे आपल्या कवितेत पुष्कळदा येऊन गेले आणि आता ते वाक्य स्वतःच झिजले आहे. त्यापेक्षा खाड्याची एक ओळ वाचावी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी राज्य सरकारने नेमलेल्या समितीने केली, तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. हा खर्च कारखान्याच्या, मुकादमाच्या, कुणाच्याच वहीत नाही.

पुस्तकातली मोठी माणसेही एका बाजूची आहेत, हे मला एका विद्यार्थिनीने दाखवले. परिव्यय लेखांकनात मजुरीच्या दोन प्रोत्साहन योजना शिकवतात. एक हॅल्सेची, अमेरिकेतली, १८९१ची. दुसरी रोवनची, ग्लासगोची, १८९८ची. काम ठरावीक वेळेआधी पुरे केले तर वाचलेल्या वेळेबद्दल बोनस द्यायचा. समजा काम १० तासांचे, मजुराने ते ८ तासांत केले, दर ताशी १०० रुपये. हॅल्सेप्रमाणे ८०० मजुरी आणि वाचलेल्या २ तासांच्या निम्मे १०० रुपये, एकूण ९००. रोवनप्रमाणे वाचलेल्या वेळेचे ठरलेल्या वेळेशी जे प्रमाण, तेवढा भाग मजुरीचा, म्हणजे १६० रुपये, एकूण ९६०. पुस्तक म्हणते, रोवन मजुराला जास्त फायदेशीर. मीही तेच सांगून पुढे जात असे. या मुलीने वहीत स्वतःहून एक आकडा वाढवून पाहिला. मजुराने काम २ तासांतच केले तर? ८ तास वाचले. रोवनचा बोनस किती? पुन्हा १६०. हॅल्सेचा ४००. ती म्हणाली, “मॅडम, दोन तास वाचवले तरी तेवढेच, आठ तास वाचवले तरी तेवढेच?” होय, तेवढेच. निम्म्याहून जास्त वेळ वाचला की रोवनचा बोनस उलट उतरत जातो. मजुराची तासाची कमाई दुप्पट कधीच होऊ नये अशी ती आखणी आहे. पुस्तकात हा मुद्दा ‘दर चुकीचा ठरला तरी मालकाचे संरक्षण’ या गुणाखाली दिलेला असतो. गुण कोणाचा, असे विचारायचे मला दोन वर्षे सुचले नव्हते. तिने त्यापुढे आणखी विचारले, की हॅल्सेमध्येही वेळ मजुराने वाचवला, मग त्यातला निम्मा मालकाचा कसा? वर्ग हसला नाही. काहींनी वहीत ते लिहून घेतले, परीक्षेला येईल म्हणून.

आता आपल्यातल्याच काही मित्रांचे म्हणणे. ते म्हणतात, ही सावकारी विद्या आहे. हिने आपल्या पिढ्या नागवल्या. तुम्ही ती शिकवता आणि वर समीक्षा करता, यापेक्षा ती टाकूनच का देत नाही? हे म्हणणे ऐकायला तेजस्वी आहे, पण मला ते पटत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तेथे लोकांनी सहसा पुढे काही केले नाही. त्यांना माणूस नको होता, वही हवी होती. आग बरोबर ठिकाणी लावली होती. पण १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्यात शेतकऱ्याला जे मिळाले ते काय होते? पैसे दिल्याची पावती मागण्याचा हक्क, दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क, आणि रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याचे न्यायालयाला अधिकार. म्हणजे वही जाळल्यावर शेवटी मिळाली ती वहीच, आपल्या बाजूची. आणि ती वाचता येत नव्हती म्हणून तीही सावकाराकडेच राहिली. हे शेतकरी बहुतेक कुणबी होते. ज्याला जमीनच नाही त्याला गहाण टाकायलाही काही नाही. आमची माणसे त्या वह्यांत क्वचितच असतील.

पुराव्याचा कायदाही याबाबतीत वाचण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते की नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून चालेल, पण केवळ त्या नोंदीवरून कुणावर देणे लादता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व त्यातही आहे. दीडशे वर्षे कायदा म्हणतो आहे की एकट्या सावकाराची वही पुरेशी नाही. आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रक्कम देऊन माणसाचे श्रम बांधून घेणे हाच वेठबिगारीच्या व्याख्येचा गाभा आहे. वाणिज्याच्या मुलांना हे शिकवायला नको? अभ्यासक्रमात व्यापारी कायदा आहे, त्यात करार आहे, मालविक्री आहे, हे नाही.

म्हणून मी पुस्तक टाकले नाही. टाकायला माझ्याकडे दुसरे पुस्तकही नाही, आणि माझ्या मुलांना विद्यापीठाच्याच प्रश्नपत्रिका सोडवायच्या आहेत. त्यांना मालकाची वही आलीच पाहिजे; अगदी बिनचूक आली पाहिजे. २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर, टॅलीवरच्या नोंदी, हे सगळे आले पाहिजे, कारण आमच्या मुलांना शहरात पहिली नोकरी मिळते ती याच कामाची. विद्रोहाच्या नावाखाली त्यांची तेरीज कच्ची ठेवणारा शिक्षक त्यांचा वैरी आहे. मी फक्त एवढे करते की महिन्यातून एक तास एकच व्यवहार दोन वह्यांत लिहून घेते. माल उधार घेतला: दुकानदाराची वही आणि गिऱ्हाइकाची वही. मजुरी दिली: कारखान्याची वही आणि मजुराची वही. नव्या शिक्षकाला सोळा तासांच्या धबडग्यात एवढेच जमते. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी पाठही थोपटत नाही.

गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत मी पहिल्यांदा तसा प्रश्न घातला. उचल, टनावारी मजुरी, खाडा आणि शेवटची बाकी. आधी मुकादमाच्या वहीत, मग कोयत्याच्या वहीत. एका सहकाऱ्यांनी सुचवले की मुकादम हा शब्द अभ्यासक्रमात नाही, कंत्राटदार लिहा. मी मुकादमच ठेवला. मुलांनी उचल दोन्हीकडे बरोबर लिहिली, मजुरीही लिहिली. खाड्याला बहुतेक अडले. मजुरी टनावर आहे, म्हणजे ज्या दिवशी ऊस तोडला नाही त्या दिवशीची मजुरी आपोआपच गेली. त्यावर पुन्हा खाडा. मुकादमाच्या वहीत मजुराचे खाते नावे पडते. नियम काय सांगतो? घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. उत्तरपत्रिका परत दिल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, मजुराचे खाते नावे केले, म्हणजे त्याने काहीतरी घेतले. तर खाड्याच्या दिवशी त्याने मुकादमाकडून काय घेतले?

मी त्याला म्हटले, पुढच्या तासाला सांगते. त्या संध्याकाळी विभागात आम्ही दोघेतिघे त्यावर बसलो होतो. एकाचे म्हणणे, ते दंडाचे उत्पन्न आहे, नाममात्र खात्यात जमा करा आणि मोकळे व्हा. दुसऱ्याचे म्हणणे, मजुरीच्या खर्चातून वजा दाखवा. दोन्हींनी बेरीज जुळते.